भोपळ्याचा केक

मराठी मुलाची भोपळ्याशी पहिली ओळख ताटात होत नाही. ती गोष्टीत होते. लेकीच्या घरी जाऊन लठ्ठ होऊन परतणाऱ्या, आणि वाटेतल्या वाघ-कोल्ह्यांना हुलकावणी देत भोपळ्यात बसून घर गाठणाऱ्या त्या चतुर म्हातारीची गोष्ट ज्याने ऐकली नाही, असा मुलगा किंवा मुलगी विरळाच. पुढे शाळेत गेल्यावर ही ओळख वाढते. गणितात शून्य गुण मिळाले, की ‘भोपळा मिळाला’ असे म्हणतात. दोघांचे मुळीच पटत नसले, की त्यांचे विळ्याभोपळ्याएवढे सख्य आहे असे सांगतात. आणि एखाद्याची खोटी समजूत एकाएकी नाहीशी झाली, की त्याच्या भ्रमाचा भोपळा फुटतो. भाषेत इतके मानाचे स्थान मिळवलेल्या या फळाला ताटात मात्र तितकासा मान मिळत नाही. भोपळ्याची भाजी पुढे आली, की पुष्कळ मुलांची भूक अचानक नाहीशी होते.

आमच्या घरी याच भोपळ्याने एकदा आमच्या भ्रमाचा भोपळा फोडला. ती हकीगत आणि तिच्यापासून आम्ही जे शिकलो ते या पाठात सांगणार आहे.

माझी आजी रत्नागिरीकडची. तिचा सारा जन्म चुलीपुढे गेला. चार वर्षांपूर्वी गावातील घर बंद करून ती आमच्याकडे शहरात राहावयास आली. येथे गॅसची शेगडी, विजेची भट्टी, वाटण करण्याचे यंत्र, सारे बटणावर चालणारे. पहिले काही दिवस आजी स्वयंपाकघरात येऊन उभी राही. कोणते बटण कशाचे हे विचारी. पण सकाळच्या घाईत कोणाला सवड असणार? ‘आजी, तू बस, आम्ही करतो,’ असे आम्ही सारेच म्हणत असू. हळूहळू तिने विचारणे सोडले आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून राहू लागली. आम्हांला वाटे, आजी विश्रांती घेत आहे. चूल गेली तसे तिचे चुलीपुढचे ज्ञानही आता निरुपयोगी झाले, अशीच आमची मनातली समजूत होती.

गेल्या वर्षी आजीला पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी घरीच केक करावयाचा असे ताईने व मी ठरविले. आजी अंडे खात नाही; तेव्हा केक बिनअंड्याचा हवा. गावाहून आलेला एक मोठा तांबडा भोपळा माळ्यावर होताच. आईने डब्यातील अक्रोड काढून दिले, पण ‘जपून वापरा, फार महाग आहेत,’ अशी ताकीदही दिली. कृती मिळण्यास काहीच अडचण पडली नाही. अडचण पडली ती पुढे.

भोपळ्याच्या फोडी आम्ही पातेलेभर पाण्यात शिजवल्या व कुसकरल्या. केक चांगला फुगावा म्हणून ताईने अर्ध्या चमच्याऐवजी दोन चमचे सोडा घातला. पीठ कालवून झाल्यावर ध्यानात आले, की भट्टी तापवावयाची राहिलीच आहे. मग भट्टी तापेपर्यंत पीठ अर्धा तास तसेच राहिले. केक भट्टीत ठेवल्यावर मला धीर धरवेना. पंधरा मिनिटांत मी तीन वेळा दार उघडून पाहिले. दोन वेळा केक टम्म फुगलेला दिसला. तिसऱ्या वेळी त्याच्या मधोमध खळगा पडला होता. बाहेर काढला तेव्हा तो कडेला करपलेला, मध्ये ओला, आणि चवीला साबणासारखा लागत होता. ताईच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. अक्रोडही गेले आणि आजीचा दिवसही गेला.

आजी खुर्चीवरून उठून आत आली. तिने त्या खळग्याकडे नीट पाहिले, एक तुकडा मोडून बोटांनी दाबला आणि विचारले, “अगो, भोपळ्यात वरून पाणी घातलेस का? आणि झाकण मधेच कोणी उघडले?”

आम्ही एकमेकींकडे पाहू लागलो. आजीने जन्मात केक केला नव्हता. मग तिला हे कसे कळले?

याचे उत्तर ‘धोंडस’ या एका शब्दात होते. कोकणात पावसाळ्याच्या अखेरीस मोठमोठाली तवशी, म्हणजे जून काकड्या, तयार होतात. तवसे किसून त्यात तांदळाचा रवा, गूळ आणि ओले खोबरे मिसळतात आणि जाड बुडाच्या पातेल्यात ते मिश्रण मंद विस्तवावर ठेवतात. त्याचे विशेष असे, की झाकणावरही निखारे पसरतात. खालून उष्णता, वरूनही उष्णता. आणि मध्ये बंद पातेल्यात हळूहळू भाजत जाणारा, खमंग वासाचा, वरून तांबूस झालेला तो पदार्थ. यालाच कोठे धोंडस म्हणतात, तर गोव्याकडे व मालवणाकडे तवसाळी किंवा तवसोळी म्हणतात. आजीने असे धोंडस शेकडो वेळा केले होते. विजेच्या भट्टीत वर व खाली तापणाऱ्या ज्या दोन कांबी असतात, त्यांचे काम तिच्या घरी झाकणावरचे आणि चुलीतले निखारे करीत असत. भट्टी नवी होती. तिच्यामागचे तत्त्व आजीच्या ओळखीचे होते.

“तवशाला मी कधी वरून पाणी घालीत नसे,” आजी म्हणाली. “त्याचे त्यालाच पुष्कळ असते. त्यातच रवा भिजतो. भोपळाही त्याच वेलाच्या गोतातला. त्याला पाण्यात कशाला बुडवायचे? आणि एकदा झाकण ठेवले, की वास येईपर्यंत हात लावायचा नाही.”

आजीने दोन चुका दाखविल्या. उरलेल्या दोन चुकांचा शोध मला शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात लागला. तो समजण्यासाठी केकमध्ये पडणाऱ्या एकेका जिनसाचा परिचय करून घेतला पाहिजे.

प्रथम भोपळ्याकडे वळू. ‘भोपळा’ हे नाव आपल्याकडे पुरातन आहे. परंतु ते मुळात दुध्या भोपळ्याच्या जातीचे असावे हे सहज समजण्यासारखे आहे, कारण ती जात आपल्या देशात फार प्राचीन काळापासून आहे. वाळलेल्या कडू भोपळ्याचा तुंबा पाणी ठेवण्यासाठी वापरीत. मिरजेचे प्रसिद्ध तंबोरे व सतारीही अशाच भोपळ्यांपासून बनतात. तांबडा भोपळा मात्र अमेरिका खंडातील रहिवासी आहे. मेक्सिको देशातील ओआहाका प्रांतात गिला नाकित्झ नावाची एक गुहा आहे. 1966 साली तेथे झालेल्या उत्खननात भोपळ्याच्या जातीच्या बिया मिळाल्या. त्यांतील सर्वांत जुन्या बिया सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या असून त्या रानटी वेलाच्या नव्हेत, तर माणसाने लावलेल्या वेलाच्या आहेत, असे पुढे 1997 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसून आले. म्हणजे अमेरिकेतील लोकांनी मक्याच्याही आधी भोपळ्याची लागवड केली होती. 1492 साली कोलंबस त्या खंडाला पोहोचला. त्यानंतर युरोपीय दर्यावर्द्यांच्या जहाजांतून मिरची, बटाटा, काजू यांच्याप्रमाणे हा भोपळाही जगभर पसरला. आपल्या परसात तो इतका रुळला, की तो परदेशातून आला हे आज कोणाच्या मनातही येत नाही.

भोपळ्याच्या गरात दहांपैकी नऊ भाग पाणीच असते. आजीचे म्हणणे यामुळेच खरे ठरते. फोडी पाण्यात शिजवल्या, की त्या आणखी पाणी शोषून घेतात. आणि त्या पाण्याने केकचे पीठ पातळ व जड होऊन मध्यभागी कच्चे राहते. फोडी वाफवाव्यात, कुसकरून गाळणीत थोडा वेळ निथळू द्याव्यात, हा साधा उपाय आहे. भोपळ्याचा केशरी रंग ज्या द्रव्यामुळे येतो त्याला बीटा-कॅरोटीन म्हणतात. आपले शरीर त्याचेच रूपांतर ‘अ’ जीवनसत्त्वात करते. हे जीवनसत्त्व कमी पडले, तर मंद प्रकाशात दिसेनासे होते. त्या विकाराला रातांधळेपणा म्हणतात. हे द्रव्य पाण्यात न विरघळता स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून तेला-तुपाच्या संगतीत ते शरीराला अधिक लाभते. केकमधील तेल केवळ मऊपणासाठीच नसते, हे यावरून ध्यानात येईल.

अक्रोडाचा प्रवास भोपळ्याइतका दूरचा नाही. पण तो कष्टाचा आहे. आपल्या देशात अक्रोडाचे सर्वांत मोठे उत्पादन जम्मू-काश्मीरमध्ये होते. हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथेही ही झाडे आहेत. ज्याचे कवच हाताच्या दाबाने फुटते त्या पातळ कवचाच्या अक्रोडाला तेथे ‘कागझी’ म्हणतात. सप्टेंबर महिन्याच्या सुमारास फळे तयार होतात. झाडे उंच असतात. कामकरी माणसे शेंड्यापर्यंत चढून लांब काठ्यांनी फांद्या झोडपतात. तोल जाऊन पडल्याने दरवर्षी काहींना कायमचे अपंगत्व येते, काहींचे प्राणही जातात. खाली पडलेल्या फळाचे हिरवे साल सोलताना त्यातील रसाने हात काळेकुट्ट होतात, आणि तो डाग कित्येक दिवस निघत नाही. आपल्या वाटीतील पांढुरक्या गरामागे असे काळे पडलेले हात आहेत. आईने ‘जपून वापरा’ असे का सांगितले, याचे किमतीखेरीज हेही एक कारण मानण्यास हरकत नाही.

अक्रोडाच्या गरात वजनाच्या निम्म्याहून अधिक तेल असते. ते तेल हवेने लवकर खवट होते. म्हणून सोललेले अक्रोड घट्ट झाकणाच्या डब्यात व थंड जागी ठेवावेत. गराच्या पातळ सालीत तुरट द्रव्ये असतात. केकमध्ये घालण्यापूर्वी अक्रोड मंद आचेवर सात-आठ मिनिटे भाजले, तर तुरटपणा मागे पडतो, खमंगपणा पुढे येतो, आणि ओलसर केकमध्येही ते कुरकुरीत राहतात. येथे एक सूचना अवश्य केली पाहिजे. काही माणसांना अक्रोड किंवा तत्सम फळे मुळीच सोसत नाहीत. अंगावर गांधी उठतात, प्रसंगी श्वासही कोंडतो. दुसऱ्यांना केक देण्यापूर्वी त्यात अक्रोड आहेत हे सांगणे हे यजमानाचे कर्तव्य आहे.

आता मैद्याविषयी. गव्हाच्या पिठात दोन प्रकारची प्रथिने असतात. पाणी मिळून पीठ मळले जाऊ लागले, की त्यांचे चिवट, लवचीक जाळे तयार होते. पोळीच्या कणकेला याच जाळ्याची गरज असते. म्हणून कणीक चांगली मळतात. केकला मात्र हे जाळे माफकच हवे असते. मैदा ओल्या मिश्रणात पडल्यावर कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच हलक्या हाताने ढवळावे. हौसेने घोटत बसल्यास केक चामट होतो. साखर गोडी आणते, ही तिची एक कामगिरी झाली. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे केक दोन-तीन दिवस मऊ राहतो.

केक फुगतो कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. ढोकळा आयत्या वेळी फुगावा म्हणून जो खाण्याचा सोडा घालतात, तोच येथेही काम करतो. सोडा हा क्षार आहे. दही, लिंबू यांसारख्या आंबट पदार्थाशी त्याचा संयोग झाला, की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीत व्हिनेगर घेऊन त्यात चिमूटभर सोडा टाकला असता जो फेस येतो, तो याच वायूचा. बेकिंग पावडरीत सोडा आणि कोरडे आम्ल दोन्ही एकत्र असतात, आणि ती कोरडी राहावीत म्हणून सोबत पिष्ट घातलेले असते. बहुतेक पावडरींचा थोडा वायू ओलावा लागताच सुटतो आणि उरलेला उष्णता लागल्यावर सुटतो.

या कल्पनेचा इतिहासही मनोरंजक आहे. पूर्वी युरोप-अमेरिकेत केक फुगविण्यासाठी यीस्ट तरी वापरीत, नाहीतर अंडी तासन्‌तास फेसावी लागत. 1796 साली अमेरिकेत हार्टफोर्ड येथे अमेलिया सिमन्स या बाईचे पाकशास्त्राचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. अमेरिकन लेखकाने लिहिलेले ते पहिलेच पाकशास्त्राचे पुस्तक मानले जाते. त्यात भोपळ्याच्या गोड पदार्थाची कृती आहे, आणि पीठ फुगविण्यासाठी लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार वापरण्याच्या कृतीही आहेत. आपल्याकडे पापडाला पापडखार लागतो, त्याच्याच जातीचे हे द्रव्य. पुढे 1843 साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे आल्फ्रेड बर्ड या रसायनविक्रेत्याने बेकिंग पावडर तयार केली. त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे, आणि अंडीही चालत नसत. तिला घरच्यांबरोबर खाता यावे, या इच्छेतून हा शोध लागला. आम्ही आजीसाठी बिनअंड्याचा केक करावयास निघालो, तेव्हा नकळत त्याच वाटेने चाललो होतो.

आता आमच्या उरलेल्या दोन चुका उघड होतील. सोडा जास्त घातला की केक जास्त फुगेल, हा ताईचा तर्क वरवर बरोबर वाटतो. पण वायू फार लवकर व फार प्रमाणात सुटला, की लहान बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, वर येतात आणि फुटतात. शिवाय दह्यातील आम्ल संपल्यावर जो सोडा उरतो, त्याच्यापासून उष्णतेने धुण्याच्या सोड्यासारखा क्षार बनतो. साबणासारखी चव आली ती त्याची. दुसरी चूक पीठ कालवून ठेवण्याची. ओलावा लागताच वायू सुटू लागतो. तो आमची वाट पाहत थांबत नाही. भट्टी तापेपर्यंत आमच्या पिठातील पुष्कळसा वायू निघून गेला होता. म्हणून भट्टी आधी तापवावी आणि मगच ओले व कोरडे जिन्नस एकत्र करावेत.

आता भट्टीच्या बंद दारामागे काय घडते ते पाहू. पीठ तापू लागले, की बुडबुड्यांतील वायू प्रसरण पावतो, पाण्याची वाफ त्यात येऊन मिळते, आणि केक वर चढतो. या अवस्थेत त्याला स्वतःचा आधार नसतो; वाऱ्यावर फुगलेल्या तंबूसारखी त्याची स्थिती असते. नंतर मैद्यातील पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात, प्रथिने गोठतात, आणि बुडबुड्यांभोवतीच्या भिंती घट्ट होतात. तंबूत जणू खांब उभे राहतात. खांब उभे राहण्यापूर्वी दार उघडले, तर थंड हवा आत शिरते, वायू आकसतो, आणि तंबू खाली बसतो. आजीने ‘झाकण मधेच कोणी उघडले?’ असे विचारले, त्याचा अर्थ हा होता. केकच्या पोटात पाणी असेपर्यंत तेथील उष्णतामान शंभर अंशांपलीकडे जात नाही. पण पृष्ठभाग कोरडा होऊन पुष्कळ अधिक तापतो. तेथे शर्करा व प्रथिने यांच्या संयोगाने तांबूस रंग व तो सुंदर वास निर्माण होतो. मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली या क्रियेचे वर्णन केले. तेव्हापासून ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. पोळीवरचे डाग आणि धोंडसाचा तांबूस पापुद्रा यांच्यामागेही तीच क्रिया आहे. आजी वास येईपर्यंत थांबत असे. कारण तो वास म्हणजे वरची बाजू कोरडी होऊन भाजू लागल्याची खूण होती.

इतके समजल्यावर आम्ही पुढच्या रविवारी पुन्हा केक करावयास घेतला. या वेळी आजीची खुर्ची आम्ही स्वयंपाकघरात आणली. प्रमाण असे घेतले: मैदा 200 ग्रॅम, वाफवून, कुसकरून, निथळलेला भोपळा 200 ग्रॅम, साखर 150 ग्रॅम, घट्ट दही 60 ग्रॅम, तेल 80 मिलिलिटर, भाजलेल्या अक्रोडाचे तुकडे 75 ग्रॅम, बेकिंग पावडर एक लहान चमचा व सोडा अर्धा लहान चमचा, दोन्ही सपाट, दालचिनीची पूड एक लहान चमचा, थोडे जायफळ, आणि चिमूटभर मीठ. लहान चमचा म्हणजे 5 मिलिलिटरचा, हे ध्यानात ठेवावे.

भोपळा आईने चिरून दिला. त्याचे साल कठीण असते व सुरी निसटते; हे काम लहान मुलांनी एकट्याने करू नये. भट्टी 175 अंश सेल्सियसवर पंधरा मिनिटे आधी तापत ठेवली. 20 सेंटिमीटर व्यासाच्या गोल भांड्याला तेल लावून तळाशी कागद घातला. मैदा, सोडा, पावडर, मीठ व मसाला एकत्र करून दोनदा चाळले, म्हणजे सोडा सर्वत्र सारखा पसरतो. दुसऱ्या पातेल्यात साखर, तेल व दही फेटून त्यात भोपळा मिसळला. मग कोरडे जिन्नस त्यात घालून मोजक्याच हातांनी ढवळले. मूठभर अक्रोड वरून पेरण्यासाठी बाजूला ठेवून बाकीचे आत घातले आणि भांडे ताबडतोब भट्टीत ठेवले.

पहिली तीस मिनिटे कोणीही दाराला हात लावला नाही. हे लिहिण्यास सोपे आहे. पण घड्याळाचा काटा त्या दिवशी फारच सावकाश चालत होता. चाळीस मिनिटांच्या सुमारास आजी म्हणाली, “आता वास आला. पाहा.” आम्ही टोचून पाहण्यासाठी सुरी शोधू लागलो, तेव्हा आजीने कोपऱ्यातील नव्या झाडूतून माडाचा एक हीर मोडून घेतला, स्वच्छ धुतला आणि केकच्या मध्यभागी खुपसून बाहेर काढला. हिराला ओले पीठ लागले नव्हते. गावी धोंडसाची परीक्षाही ती अशीच करीत असे. जाड कापडाने धरून आईने भांडे बाहेर काढले. दहा मिनिटांनी केक जाळीवर उपडा केला, आणि पुरता निवल्यावर कापला. कारण गरम केकच्या भिंती अजून नाजूक असतात व कापताना त्यांचा चुरा होतो. आतून तो केशरी, सच्छिद्र आणि मऊ होता. मध्यभागी खळगा नव्हता.

ज्यांच्या घरी भट्टी नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात दोन बोटे स्वच्छ वाळूचा थर पसरावा, त्यावर तिवई ठेवावी, आणि झाकण घालून पंधरा मिनिटे तापवावे. नंतर केकचे भांडे तिवईवर ठेवून मंद आचेवर पन्नास मिनिटे ते तासभर ठेवावे. वाळू उष्णता सावकाश घेते व सारखी देते, म्हणून केक खाली करपत नाही. वरचा भाग मात्र फिकट राहतो. तसे का होते, हे धोंडसाची हकीगत वाचलेल्या विद्यार्थ्याला सांगावयास नकोच. अक्रोड परवडत नसतील, तर भाजलेले शेंगदाणे किंवा त्याच भोपळ्याच्या सोललेल्या बियाही चालतात.

आजीने केक खाल्ला आणि ‘बरा झालाय’ एवढेच म्हणाली. कोकणातील माणूस याहून अधिक स्तुती सहसा करीत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तीच स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “त्या काट्यावर माझे धोंडसही लिहून घ्या पाहू.” आम्ही वजनाचा काटा पुढे ठेवला. आजीच्या कृतीत ग्रॅम नव्हते, मिलिलिटर नव्हते. तीन मुठी रवा, मुठीएवढा गूळ, नखभर वेलची, असे तिचे माप. ताईने पहिल्या मुठीचे वजन केले, मग दुसऱ्या मुठीचे, मग तिसऱ्या. तिन्ही मुठींच्या वजनांत दोन-तीन ग्रॅमांहून अधिक अंतर नव्हते. आम्ही चमच्याने मोजूनही चुकलो होतो; आणि आजीच्या हातात पंच्याहत्तराव्या वर्षी एक अचूक माप होते, ज्याची दखल आम्ही चार वर्षे घेतली नव्हती.

धोंडसाची कृती आता आमच्या वहीत ग्रॅममध्ये लिहिलेली आहे. तिच्या समोरच्या पानावर भोपळ्याच्या केकची कृती आहे. आजीची खुर्ची मात्र खिडकीजवळ परत गेली नाही. ती स्वयंपाकघरातच राहिली आहे.

अभ्यास

1. लेखिकेच्या घरचा पहिला केक बिघडण्याची चार कारणे सांगा. त्यांतील कोणती आजीने ओळखली व कशावरून?

2. विजेची भट्टी आणि धोंडस करण्याची जुनी रीत यांत कोणते साम्य आहे?

3. ‘तंबू’ आणि ‘खांब’ हे शब्द लेखिकेने कशासाठी वापरले आहेत, ते स्पष्ट करा.

4. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा: भ्रमाचा भोपळा फुटणे, विळ्याभोपळ्याएवढे सख्य असणे, हुलकावणी देणे.

5. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसास अंदाजाने करता येणारा एखादा पदार्थ निवडा. त्यांच्या मुठीचे व चिमटीचे माप वजन करून घ्या आणि ती कृती क्रमवार लिहा.